दारूगोळ्याजवळची नोकरी

महोदय,

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, ही गोष्ट योग्यच आहे. मात्र लष्करी दारूगोळा भांडारांत तीस-तीस वर्षे सेवा करून निवृत्त होणाऱ्या अग्निशामकांची, ज्यांपैकी बहुतेक जण गणवेशधारी सैनिक नसून संरक्षण खात्याचे नागरी कर्मचारी असतात, आठवण त्या सप्ताहात क्वचितच होते. मीही त्यांच्यापैकीच एक आहे.

या कामातील खरे कौशल्य आग विझवण्यापेक्षा ती लागू न देण्यात आहे. उन्हाळ्यापूर्वी कोठारांभोवतीचे गवत कापून जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढणे, फाटकावर काड्यापेट्या जमा करून घेणे, पाण्याच्या टाक्या भरलेल्या आहेत की नाहीत हे रोज स्वतः पाहणे, ही कामे वर्षानुवर्षे न कंटाळता करावी लागतात, आणि ती नीट झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाहीत. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथील लष्कराच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर आग भडकली, तेव्हा ती आटोक्यात आणताना दोन लष्करी अधिकाऱ्यांबरोबर अग्निशामकांनीही प्राण गमावले.

नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाने अशा निवृत्तांना नियमितपणे व्याख्यानांसाठी बोलवावे, आणि जिल्हा प्रशासनांनी फटाक्यांच्या व स्फोटकांच्या कारखान्यांच्या तपासणीत त्यांना सोबत घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त अग्निशमन अधिकारी, वर्धा