वरून वाचता यावीत अशी अक्षरं

प्रिय मित्रा,

तुझ्या त्या प्रश्नाने गेले आठ दिवस पिच्छा पुरवलाय. "तू इथे बसून हळहळलास म्हणून तिकडच्या युद्धातला एक तरी बॉम्ब थांबला का?" फोनवर मी चिडलो, विषय बदलला. उत्तर नव्हतं, म्हणून चिडलो. आजही पुरतं नाहीच.

आधी एक कबुली. परवा युक्रेनमधल्या मारिउपोल शहरातल्या नाट्यगृहाबद्दल वाचत होतो. मार्च २०२२ मध्ये शेकडो माणसं तिथे आसऱ्याला होती. इमारतीच्या पुढे आणि मागे जमिनीवर रशियन भाषेत एकच शब्द पांढऱ्या रंगात काढला होता: 'मुलं'. इतका मोठा, की उपग्रहाच्या फोटोतही वाचता येत होता. १६ मार्चला तिथे बॉम्ब पडला. किती गेले? अ‍ॅम्नेस्टी ही मानवाधिकार संस्था म्हणते किमान डझनभर, बहुधा बरेच जास्त. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा तपास म्हणतो सहाशेच्या जवळपास. आणि मी काय केलं? अर्धा तास कोणाचा आकडा खरा हे धुंडाळत बसलो. माणसं राहिली बाजूला, मी हिशेबनीस झालो. खोटं कशाला बोलू, त्यात बरंही वाटत होतं. बेरजा करताना रडू येत नाही.

रात्री मात्र ती अक्षरं डोळ्यांपुढून हलेनात. कोणीतरी वाकून, पावलापावलाने मागे सरकत ती रंगवली असणार. वरच्याला वाचता आलं तर तो टाकणार नाही, एवढ्या एका भरवशावर.

हिरोशिमाच्या संग्रहालयात एक तीनचाकी सायकल आहे. चौथं वर्षही पुरं न झालेला एक मुलगा ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी तिच्यावर खेळत होता. त्याच रात्री तो गेला. एवढ्या लहानग्याला लांबच्या थडग्यात एकटं कसं ठेवायचं, म्हणून वडिलांनी त्याला घराच्या अंगणातच पुरलं, सायकलीसकट. चाळीस वर्षांनी अस्थी हलवताना ती गंजलेली वर आली. हे वाचलं तेव्हा मला कुठल्याही आकड्याची गरज पडली नाही.

पण माझं मनही मोठं लबाड आहे. कोणासाठी भरून यायचं हे ते आधीच ठरवून बसतं. बगदादच्या अमिरिया भागातला निवारा मला कालपरवापर्यंत माहीतही नव्हता. १३ फेब्रुवारी १९९१ ला पहाटे अमेरिकी विमानांनी त्यावर लेझरने नेम धरणारे दोन बॉम्ब टाकले. पहिल्याने काँक्रीटचं जाड छत फोडलं, दुसरा त्याच भोकातून आत गेला. आत चारशेहून जास्त नागरिक मेले, बहुतेक बायका आणि मुलं. तिथे लष्करी केंद्र आहे अशी अमेरिकेची समजूत होती. नेम चुकला नव्हता रे, अगदी अचूक बसला होता.

तर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही थांबला. एकही नाही. पण वरून टाकणाऱ्याला जेवढं दिसतं, तेवढंच मलाही दिसत होतं, आणि मी तेवढ्यावर खूश होतो, हे तरी आता मला ठाऊक झालंय.

तुला आठवतं, मागे आपण दोघं टीव्हीवर विमानातून टिपलेलं तसलं करडं चित्र पाहत होतो? मधोमध फुलीची खूण, खाली एक छप्पर, मग आवाज न होता उठलेला पांढरा लोळ. "काय नेम आहे!" असं कोणीतरी म्हणालं होतं. तू नव्हतास तो. मीच होतो.

तुझाच,
जुना वादखोर मित्र