पैशाचे धडे शेअर्सपासून नको, उधारीच्या कागदापासून सुरू करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या मुलांनी लवकरात लवकर गुंतवणूक सुरू करावी असा लेख मध्यंतरी तुमच्या पुरवणीत आला होता. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर पण तो फिरला. लेखात चुकीचं काहीच नव्हतं, तरी वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्या वयाच्या मुलांना पैशाबद्दल जे काही सांगितलं जातं ते सगळं कुठे गुंतवायचं याचंच असतं, आणि आमचं नुकसान होतं ते त्याच्या कितीतरी आधी, उधारी घेतो तिथेच, आणि तो उधारीचा कागद वाचायचा कसा हे मात्र कुणी सांगत नाही.

माझंच सांगते. दुसऱ्या वर्षाला असताना प्रोजेक्ट सबमिट करायच्या तोंडावर लॅपटॉप बंद पडला, घरी तेव्हा आधीच ओढाताण चालू होती म्हणून घरी काही न बोलता नुकत्याच मिळालेल्या क्रेडिट कार्डवर दुसरा घेऊन टाकला. दर महिन्याला स्टेटमेंट यायचं. त्यात वर एकूण थकबाकी आणि खाली एक छोटा आकडा, मिनिमम ड्यू, म्हणजे त्या महिन्यात कमीत कमी भरायलाच हवी ती रक्कम. मला वाटलं हाच आपला हप्ता, वेळेवर भरला की झालं. सात महिने एकदाही तारीख चुकवली नाही, पेमेंट मिळाल्याचा मेसेज यायचा आणि मी निर्धास्त. आठव्या महिन्यात पहिलं स्टेटमेंट काढून शेजारी ठेवलं तर थकबाकी जेमतेम सातव्या हिश्श्याने कमी झालेली! मध्ये नवीन काहीच घेतलं नव्हतं. त्या रात्री वही घेऊन बसले आणि पहिल्यांदा नीट हिशेब केला.

हिशेब अगदी सोपा आहे. समजा थकबाकी १०,००० आहे, व्याज महिन्याला ३ टक्के आणि मिनिमम ड्यू म्हणजे थकबाकीच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात ३०० व्याज चढलं, झाले १०,३००. त्याचे ५ टक्के म्हणजे ५१५ तुम्ही भरले. त्यातले ३०० व्याजातच गेले, मुद्दल फिटली फक्त २१५. असं वर्षभर केलं तर खिशातून साधारण ५,५०० जातात आणि थकबाकी उरते ७,७०० च्या घरात. ती निम्मी व्हायलाच ३२ महिने लागतात, आणि तेही मध्ये कार्डवर एकही खरेदी केली नाही तर. शिवाय बऱ्याच कार्डांवर पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतच बंद होते, म्हणजे घेतल्या दिवसापासून व्याज सुरू. हे नियमांच्या पानात छापलेलं असतं, लपवलेलं नसतं, पण ते वाचायला हवं हेच कळत नाही.

शाळेत चक्रवाढ व्याजाची गणितं आम्ही सगळ्यांनी सोडवलीत, मला त्यात पूर्ण मार्क होते. पण त्या गणितातला माणूस नेहमी पैसे ठेवणारा असायचा, देणं असणारा फारसा कधी नसायचाच. ७२ चा नियम पण तसाच. ७२ ला व्याजाच्या दराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला अंदाजे किती काळ लागतो ते कळतं, आणि हा नियम इटलीतल्या लुका पाचोलीने १४९४ साली छापलेल्या गणिताच्या ग्रंथात सापडतो, म्हणजे नवीन काहीच नाही. वर्षाला ६ टक्क्यांनी ठेवलेले पैसे १२ वर्षांनी दुप्पट होतात. तोच नियम उधारीला लावून बघा, महिन्याला ३ टक्के, ७२ भागिले ३, एक छदामही भरला नाही तर २४ महिन्यांत देणं दुप्पट. ज्याच्या डोक्यावर अशी उधारी आहे त्याने आधी ती फेडणं हीच त्याची सगळ्यात चांगली गुंतवणूक, कारण एवढा परतावा खात्रीने दुसरं कुठलंच काही देत नाही.

अजून एक, फ्लॅट रेट. माझ्या मैत्रिणीने फोन हप्त्यावर घेतला तेव्हा १२ टक्के व्याज सांगितलं होतं. १२,००० वर वर्षाचं १,४४० व्याज, १२ हप्ते, प्रत्येकी १,१२०. ऐकायला १२ टक्केच, पण दर महिन्याला मुद्दल फिटत असतानाही व्याज शेवटपर्यंत पूर्ण १२,००० वरच मोजलेलं असतं. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. आणि मित्राच्या कर्जाला जामीन राहणं म्हणजे नुसती ओळख देणं नव्हे, त्याने नाही भरलं तर तुम्ही भरायचं, एवढं तरी प्रत्येकाला सही करायच्या आधी माहीत पाहिजे.

माझी उधारी फिटायला पुढे पाच महिने लागले. शेवटी बाबांना सांगितलं, ते रागावले नाहीत, उलट म्हणाले की आधी सांगितलं असतंस तर एवढं व्याज गेलं नसतं, आणि ते खरंच होतं. तेव्हापासून रोजचा खर्च वहीत लिहिते. पहिल्याच महिन्यात कळलं की फ्री ट्रायल म्हणून सुरू केलेली तीन सबस्क्रिप्शन्स खात्यातून गुपचूप पैसे नेत होती. आता एका महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात जमवलीये, तिला हात लावत नाही, लॅपटॉप पुन्हा बंद पडला तर कार्ड काढायला नको. गुंतवणुकीचं त्याच्यानंतर बघेन.

म्हणून दोन विनंत्या आहेत. एक कॉलेजांना, पहिल्या वर्षाच्या मुलांना एक तास द्या, सगळ्यांच्या हातात खरं स्टेटमेंट द्या, नाव आणि नंबर खोडून, आणि ओळ न् ओळ वाचून घ्या. त्याला वेगळा विषय नको, परीक्षा नको. दुसरी तुम्हाला, पुरवणीत आठवड्यातून एकदा असाच एक कागद छापा, कधी कार्डचं बिल, कधी हप्त्याचा करार, कधी पहिल्या नोकरीची पगाराची स्लिप, आणि त्यातल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ शेजारी साध्या भाषेत लिहा. पहिल्या अंकासाठी माझी ती सात स्टेटमेंट्स द्यायला मी तयार आहे.

आपली,
शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी