रात्री अडीचची वही

सांगली, मंगळवार

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवून दिलास, तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. मी म्हणाले एवढंच, की तुझ्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातला तो जुना गोळीबार उकरून तुला काय मिळणार? पण माझा आवाज चढला. चुकलंच. जेवतोस ना वेळेवर?

तू कॅमेऱ्यासमोर धरलेलं वहीचं पान अजून डोळ्यांपुढे आहे. मध्ये गोळ्या झाडणाऱ्या त्या विद्यार्थ्याच्या हातावर सापडलेले दोन शब्द, 'इस्माइल ॲक्स', आणि चहूकडे बाण. एक प्रेषित इब्राहिमच्या मूर्ती फोडणाऱ्या कुऱ्हाडीकडे, एक कुठल्याशा जुन्या कादंबरीकडे, एक त्यानं टीव्हीवाल्यांना धाडलेल्या पाकिटावरच्या 'ए. इश्माएल'कडे. अक्षर थेट तुझ्या बाबांचं. इकडे कुकर लावला होता, तुझ्याकडे रात्रीचे अडीच. तुझ्यामागे दार बंद.

डोकं तुझं पहिल्यापासूनच असं. सातवीत आप्पांच्या ट्रंकेतला मोडी कागद तू एकट्यानं वाचून काढलास. निघाली दोन पायली जोंधळ्यांची उसनवारी, पण आप्पांनी गल्लीत पेढे वाटले होते. माईआत्या अजून सांगते.

म्हणून मीही दोन दिवस वाचत बसले. १६ एप्रिल २००७ ला तू बालवाडीत होतास. बत्तीस जीव गेले. त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती, तमिळनाडूचे प्रा. लोगनाथन होते. बातम्या बघताना तुला मांडीवरून खाली उतरू दिलं नव्हतं मी. त्याच गावी तुला पाठवायचं ठरलं तेव्हा हे आठवलं होतं, बोलले मात्र नाही.

निखिल, हातावरचे ते दोन शब्द नंतर सापडले. त्याआधीचं सगळं लख्ख वाचता येत होतं रे. वर्गातल्या सहीच्या कागदावर नावाच्या जागी तो प्रश्नचिन्ह काढायचा. त्याचं लिखाण वाचून बाई हादरल्या, त्याला वर्गातून काढून विभागप्रमुखांनी वेगळं शिकवलं. लहानपणीच त्याचं बोलणं गोठतं असं निदान झालं होतं, ते विद्यापीठाला कुणी कळवलंच नाही. डिसेंबर २००५ मध्ये त्याच्या स्वतःच्या जिवाला धोका आहे असं ठरवून बाहेरून उपचार घ्यायचा हुकूम झाला. तो घेतो का, ते कुणी पाहिलं नाही. सक्तीनं दवाखान्यात भरती करायचा हुकूम नव्हता म्हणून बंदूक विकताना तपासतात त्या यादीतही नाव गेलं नाही, आणि त्यानं दोन पिस्तुलं रीतसर विकत घेतली. इतक्या टेबलांवरून गेलेला मजकूर सोडून सगळे त्या दोन शब्दांशी झटतायत. तूसुद्धा.

बघ, लागले शिकवायला. त्यांच्या आठवणीत ठेवलेल्या बत्तीस दगडांजवळून तू रोज जातोस, मी फोटोच पाहिलेत.

खरं सांगू? माझी भीती वेगळी आहे. आजी गेली त्या वर्षी तू चौथीत, तीन महिने शाळेत एक शब्द बोलला नाहीस. बाईंनी डायरीत लिहून पाठवलं होतं, 'घरून कुणी येऊन भेटावे.' मी गॅसपाशी उभी राहून खाली सही केली. वाचलं नाही. आठ दिवसांनी पुन्हा तीच ओळ, लाल शाईत, तेव्हा गेले. तू शेवटच्या बाकावर पट्टीनं चौकोन आखत बसला होतास. न बोलणारी मुलं वाईट नसतात, मला कळतं, तुला त्याच्या पंक्तीला बसवत नाहीये. पण रात्री अडीचला बंद दारामागे तू एकटा दिसलास की मला ती न वाचलेली ओळ दिसते. तू कुणाशी बोलतोस तिथे?

वही टाकून दे म्हणत नाही. पण एक पान त्या दिवशी गेलेल्या प्रा. लिब्रेस्कूंसाठी ठेव. शहात्तर वर्षांचे, नाझींच्या छळातून वाचलेले. पोरांनी खिडकीतून उड्या टाकाव्यात म्हणून त्यांनी दार दाबून धरलं. त्यांच्या दगडापाशी थोडं थांब, माझ्या वतीनं.

मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी कुरिअरनं पाठवली आहे. समोरच्या खोलीतला तो हैदराबादचा मुलगा, त्याला बोलावून डबा उघड.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, रविवारचं शब्दकोडं तुझ्याशिवाय अडतं. सात उभं. सकाळी फोन कर, तुझ्या सकाळी.