एअर फिल्टर नीट न बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
सेवा विभाग प्रमुख

विषय: सर्व्हिसिंगमध्ये इंजिनचा एअर फिल्टर चुकीचा बसवल्याबाबत

महोदय,

गेल्या सर्व्हिसिंगला आपल्या चंद्रपूरच्या वर्कशॉपने माझ्या पेट्रोल गाडीचा एअर फिल्टर बदलला आणि त्याचे पैसे बिलात लावले. फिल्टर नवा आहे, त्याबद्दल वाद नाही. तो ज्या पद्धतीने बसवला, त्याबद्दल ही तक्रार आहे.

गाडी घरी आणल्यापासून ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून सूं असा आवाज येत होता. इंजिन बंद करून, ते पूर्ण गार झाल्यावर मी पाहिले. फिल्टरच्या डब्याची बॅटरीकडची क्लिप लागलेलीच नव्हती. झाकण उचलले, तर त्याच कोपऱ्यात फिल्टरच्या कडेची रबरी पट्टी दुमडून खाचेबाहेर आलेली. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथून गाळलेली हवा इंजिनात जाते तिथे, करड्या धुळीचा पट्टा. बोट फिरवले तर कचकच लागली. फोटो सोबत आहेत.

माझे रोजचे जाणे-येणे घुग्घुस रस्त्याने, कोळशाच्या ट्रकांमागून आहे. तिथली धूळ न गाळता आत गेली, तर तिच्यातले बारीक कण पिस्टन रिंगा आणि सिलिंडर घासत राहतात आणि पुढे इंजिन जास्त ऑइल खाऊ लागते. हे नुकसान लगेच दिसत नाही. दिसेल तेव्हा वॉरंटी संपलेली असेल. मळका फिल्टर हवा अडवतो, पण धूळ तरी आत सोडत नाही. असा नवा टाकण्यापेक्षा जुनाच राहू दिला असता तर बरे झाले असते.

फोन केला तेव्हा मला सांगण्यात आले, "तुम्ही डबा उघडायलाच नको होता, वॉरंटी जाईल." आपल्याच कंपनीच्या मॅन्युअलमध्ये फिल्टर कसा काढून तपासावा हे चित्रांसह दिले आहे, धुळीच्या भागात तो जास्त वेळा तपासा, असेही लिहिले आहे. मग उत्तर मिळाले, "गाडी आणा, एअर मारून देतो." हे कृपा करून करू नका. उघड्या डब्यात कॉम्प्रेसरची हवा मारली, तर तीच धूळ नळीतून थ्रॉटलकडे, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेकडे, ढकलली जाईल. पाईपचे तोंड झाकून डबा आधी व्हॅक्यूमने, मग ओलसर फडक्याने पुसायला हवा.

माझी मागणी अशी: माझ्यासमोर इनटेक पाईप, एअर फ्लो सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी तपासावी, फिल्टर विनामूल्य बदलावा, आणि काय आढळले ते जॉबकार्डवर लिहून सही-शिक्क्यासह द्यावे. पुढे वॉरंटीत इंजिनचा प्रश्न निघाला, तर या नोंदीचा विचार व्हावा. शिवाय, सर्व्हिसिंगनंतर फिल्टरचा डबा ग्राहकाला उघडून दाखवण्याची सूचना सर्व मेकॅनिकना द्यावी. दोन मिनिटांचे काम आहे.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार नोंदवीन. तोवर गाडी रस्त्यावर काढणार नाही.

आपला ग्राहक,
चंद्रपूर

सोबत: बिल, जॉबकार्ड आणि फोटोंच्या प्रती