विषय : जेट न बदलताच ‘रूपांतरण पूर्ण’ दाखवून बिल लावल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला. आता तोंडी काही नको, म्हणून हे लेखी.

आमच्या सोसायटीत सिलिंडर काढून पाइप गॅस देताना ए विंगमध्ये तुमच्या माणसांनी जोडांना साबणाचं पाणी लावून गळती तपासली, शेगड्यांचे जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी) पाइप गॅसला लागतात तसे मोठ्या भोकाचे बसवले, ज्योत पेटवून दाखवली. बी विंगच्या वरच्या मजल्यांवर पोचेपर्यंत जेट संपले. मीटर सुरू करून ‘उद्या येतो’ म्हणाले, ते आजतागायत आलेले नाहीत. बिल मात्र आलं.

सिलिंडरचा गॅस शेगडीला ३० मिलीबार दाबाने मिळतो, तुमचा २१ने. त्यात घनमीटरमागे एलपीजीची उष्णता नैसर्गिक वायूच्या अडीच पट. जुन्या बारीक जेटवर ज्योत मोठी होणार कुठून? हे मी तुम्हाला सांगायचं का? नॉब पूर्ण उघडला तरी निळं टोक बर्नरला चिकटून राहतं. भाकरी फुगत नाही, तव्यावरच वाळून कडक होते.

आता आजचा फोन. मी ग्राहक क्रमांक दिला. तुमचा माणूस म्हणाला, “मॅडम, सिस्टीममध्ये कन्व्हर्जन झालेलं दिसतंय.” म्हटलं, माझ्या ओट्यावर झालेलं नाही. त्यावर, “नॉब नीट फिरवून बघा.” मी जेटचं सांगायला लागले, तर मधेच तोडून, “घरात कोणी जेन्ट्स आहेत का? त्यांना फोन द्या, त्यांना समजेल.” मी या सोसायटीची सचिव आहे, तुमच्या करारावर माझी सही आहे, असं सांगितलं. क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, “मग शेगडीवाल्याकडून भोक मोठं करून घ्या, सगळे तसंच करतात.” गॅस कंपनीचा माणूस हे सांगतो! भोक वेडंवाकडं मोठं झालं की हवेचं प्रमाण बिघडतं, ज्योत पिवळी होते, काजळी धरते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. उद्या कुणाचं काही झालं तर तेही सिस्टीममध्ये ‘पूर्ण’ दाखवणार का? वरिष्ठांना द्या म्हटलं, तर फोन कट.

सर्वसाधारण सभेत निम्मे सभासद भिंतींना भोकं पाडायला तयार नव्हते. त्यांची समजूत मी काढली. चौथ्या मजल्यावरच्या आजींना सिलिंडरची वाट बघायला लागू नये, म्हणून तुमच्या कंपनीची हमी मी दिली. तुमच्या माणसाच्या सांगण्यावरून त्यांनी सिलिंडर परतही केला. आज त्या इंडक्शनवर चहा करतात आणि तुमचं बिल भरतात. त्यांच्या दारावरून जाताना मला मान खाली घालावी लागते. हे मी विसरणार नाही.

प्रशिक्षित माणूस जेट घेऊन बी विंगमध्ये पाठवा. जेट बदलेपर्यंतची बिलं रद्द करा. फोनवरच्या वागणुकीबद्दल लेखी माफी मागा. आठवड्याभरात हे झालं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगात जाईन आणि पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळालाही कळवीन. येणाऱ्या माणसाकडे जेट आहेत ना, हे निघण्यापूर्वी बघा.

सचिव
(बी विंगमधील सभासदांच्या वतीने)