लकव्यात आधी सीटी स्कॅन, मग बाकीचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला लकवा आणि अँटिऑक्सिडंटवरचा, म्हणजे पेशींची नासाडी रोखतात म्हणतात त्या पदार्थांवरचा, लेख वाचला. डाळिंब आणि आवळ्याला अख्खी चौकट, पण सीटी स्कॅनचं नावही नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ज्या साडेचार तासांत द्यावं लागतं, त्यांचा उल्लेख नाही. असा लेख खेड्यापाड्यांत वाचला जातो, याचा विचार व्हायला हवा होता.

माझ्या आईला कापूस वेचताना लकवा मारला. ओटी सुटून कापूस सरीत सांडला, उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. ॲपेत घालून अर्ध्या-पाऊण तासात आम्ही तिला तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. म्हणजे वेळ हातात होती. तिथे सलाईन लावलं, एडाराव्होन (हे अँटिऑक्सिडंट औषध) आणि सिटिकोलीन (मेंदूच्या पेशी वाचवायला म्हणून देतात ते) यांची चिठ्ठी हातात दिली. ‘मेंदूला ताकद येईल, सकाळी बघू,’ म्हणाले. सीटी दुसऱ्या दिवशी झाला. नस गुठळीने बंद होती आणि गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ केव्हाच निघून गेली होती. आज आईला उजव्या हाताने भाकर मोडता येत नाही. नातवाला हाक मारायची तर नाव ओठांपर्यंत येतं आणि अडकतं.

तुमच्या लेखकाने एडाराव्होनला जपानमध्ये 2001 साली मान्यता मिळाल्याचं लिहिलं, ते खरं आहे. पण एनएक्सवाय-059 चं काय झालं, तेही लिहायचं होतं. तेही अँटिऑक्सिडंट जातीचंच औषध. 2006 च्या चाचणीत आशा दिसली आणि 2007 मध्ये तीन हजारांवर रुग्णांच्या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. सिटिकोलीनही 2012 च्या मोठ्या चाचणीत नापास झालं. प्रयोगात उंदराला औषध लगेच मिळतं, माणसाला कित्येक तासांनी, आणि तोवर बंद नसेपलीकडे दर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात. अँटिऑक्सिडंटवर संशोधन जरूर व्हावं, पण ते गुठळी काढण्याच्या जोडीला, तिच्या जागी नाही. लकवा नस फुटूनही होतो. त्यात गुठळीचं इंजेक्शन दिलं तर माणूस दगावू शकतो, म्हणून सीटी आधी. घरच्या घरी ॲस्पिरिनसुद्धा देऊ नये ते याचसाठी.

गडचिरोलीच्या 86 गावांतल्या अभ्यासात मृत्यूंचं पहिलं कारण लकवाच निघालं, सातातला जवळपास एक मृत्यू. हे आपल्या विदर्भातलं आहे. आमच्याकडे अजूनही लकव्यावर कबुतराचं रक्त चोळणारे आहेत. त्यांच्याकडे जाणारी वेळ वाचवायची तर तालुक्याला चोवीस तास सीटी हवा. त्यावर तुमच्या पेपरात अग्रलेख का येत नाही?

आणखी एक. त्याच पानावर खाली ‘लकवा मुळासकट बरा’ करणाऱ्या कॅप्सूलची जाहिरात होती. वर लेख, खाली कॅप्सूल; वाचणारा दोन्ही एकच समजतो. माझ्या शेजारच्या काकांनी ती कात्रण कापून खिशात ठेवली आहे. ही जाहिरात बंद करा.

आणि येत्या पुरवणीत त्याच आकाराची चौकट द्या: तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, तर त्रास सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा, 108 ला फोन करा आणि सीटीची सोय असेल तिथेच न्या.

– एक कास्तकार वाचक, जि. यवतमाळ