फोनवर टाळलेलं

किसुमू, केनिया, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "तिथे नेमकं काय करतेस?" आणि मी "एचआयव्हीचं काम" म्हणून विषय बदलला. तोंडाने बोलवेना, म्हणून लिहितेय. आमच्या केंद्रात पुरुषांची सुंता करतात.

धर्माचा यात संबंध नाही. इथल्या लुओ लोकांत तर सुंतेची रीतच नव्हती; वयात आल्याची खूण म्हणून खालचे सहा दात काढायचे. एखादे आजोबा हसले की अजून ती फट दिसते.

सुंतेने एचआयव्हीची लागण कमी होते का, हे बघायला दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि इथे किसुमूत मिळून ११ हजारांच्या आसपास पुरुषांवर चाचण्या झाल्या. निम्म्यांची सुंता लगेच, बाकीच्यांची नंतर. डिसेंबर २००६ मध्ये इथली आणि युगांडातली चाचणी मध्येच थांबवली. फरक इतका उघड होता की उरलेल्यांना ताटकळत ठेवणं बरोबर नव्हतं. बाईकडून पुरुषाला होणारी लागण ५० ते ६० टक्क्यांनी घटते. विषाणू ज्या पेशींना धरतो, त्या सुंतेत काढतात त्या कातडीच्या आतल्या बाजूला भरपूर असतात. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही शिफारस केली.

तुम्हाला आणीबाणीतली नसबंदी आठवेल, माहीत आहे. इथे टेबलावर चढलेला माणूस "नको" म्हणाला तरी परत जातो. अशा एकाला मीच चपला शोधून दिल्या.

माझं काम बोलायचं. शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची, भूल तेवढ्याच जागेला. कठीण ते पुढचे सहा आठवडे. जखम भरेपर्यंत संबंध ठेवायचा नाही, नाहीतर धोका उलट वाढतो. गेल्या आठवड्यात एक मोटरसायकल टॅक्सीवाला बायकोला घेऊन आला. सहा आठवडे ऐकून तो छताकडे बघत बसला. बायकोने माझं पेन घेतलं आणि त्याच्या कार्डावर तारीख स्वतः लिहिली. मग म्हणाली, "आणि मला काय?"

आई, इथे मी दरवेळी अडखळते. त्याला लागण झाली नाही तर त्याच्याकडून तिला होणार नाही, एवढंच. आधीच बाधित असलेल्या पुरुषाच्या सुंतेने बायको वाचत नाही, हे युगांडातच दिसलंय. कंडोम लागतोच. तिने ऐकून घेतलं, कंडोमचं पाकीट उचललं आणि त्याच्या हातात न देता स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

शेजारच्या काकूंना "एचआयव्हीचं काम" एवढंच सांगा. बाबा, तुम्ही मात्र पुढच्या फोनवर पुन्हा विचारा.

तुमची,
चिमी